सिंचन : शेतातले आणि दवाखान्यातले

‘इरिगेशन’ म्हणताच तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? धरण, कालवा, पाटाचे पाणी आणि दारे धरणारा शेतकरी! पण हाच शब्द डॉक्टरांच्याही तोंडी असतो. जखम, कान किंवा डोळा द्रवाच्या धारेने धुणे यालाही वैद्यकात ‘इरिगेशन’च म्हणतात. शेतात पाणी मुरावे म्हणून आणायचे, तर जखमेतून घाण घेऊन ते बाहेर पडावे म्हणून सोडायचे. मग या दोहोंत साम्य कोणते? दोन्हीकडे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : दाब, निचरा आणि वेळ.

प्रथम दाब पाहू. 10 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम असतो. ठिबक सिंचनाच्या नळ्यांत साधारण एवढाच दाब ठेवतात. ड्रिपरमधील चिंचोळ्या, नागमोडी वाटेत तो खर्ची पडतो. ड्रिपर तासाला 4 लिटरचा असेल, तर सेकंदाला जेमतेम 1 मिलिलिटर पाणी मुळाशी उतरते. मळलेली जखम धुण्यासाठी याच्या सुमारे निम्मा दाब पुरतो. तो फार कमी पडला, तर माती व जंतू सुटत नाहीत. फार वाढला, तर पेशी दुखावतात आणि घाण आत ढकलली जाते.

आता निचरा. पाटाच्या पाण्यात थोडे क्षार असतातच. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. निचरा नसेल तर जमीन खारावते. मग परासरणाच्या नियमानुसार मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते. ओल्या जमिनीत उभे पीक तहानलेलेच राहते! अशा वेळी चर खणून, जादा पाणी देऊन क्षार धुऊन काढावे लागतात. म्हणजे शेतकरीही येथे जमिनीची जखमच धुतो, नाही का? याच परासरणामुळे शरीराच्या आतील भाग धुताना डॉक्टर बहुधा साधे पाणी वापरत नाहीत. लिटरला 9 ग्रॅम मीठ असलेले निर्जंतुक सलाइन वापरतात.

तिसरी गोष्ट वेळ. कालव्याचे पाणी पाळीने मिळते. पहिल्या महायुद्धात (1914–18) कॅरेल आणि डेकिन यांनी सैनिकांच्या जखमांत रबरी नळ्या बसवून, सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण असेच ठराविक वेळाने सोडण्याची पद्धत काढली. प्रतिजैविके नव्हती, त्या काळी तिचा मोठा आधार झाला.

ही वेळ एखादे दिवशी तुमच्यावरही येईल. डोळ्यात आम्ल, चुना किंवा फवारणीचे औषध उडाले, तर डॉक्टरांची वाट पाहत बसू नका. चुन्याचे कण दिसत असतील, तर ते ओल्या स्वच्छ कापडाने अलगद टिपा. दुखावलेला डोळा खाली राहील असे डोके कलते करा, पापण्या उघड्या धरा आणि स्वच्छ पाण्याची मंद धार निदान 15 ते 20 मिनिटे सोडा. मगच डॉक्टरांकडे जा. आम्लावर अल्क मात्र कधीही घालू नका. त्या अभिक्रियेत उष्णता निर्माण होते. धार मंद का, डोके कलते का आणि इतका वेळ कशासाठी, याची कारणे वर आलीच आहेत. ती तुम्हीच जुळवून पाहा. आणि तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील नळ कोठे आहे, त्याला पाणी येते ना, हे उद्याच पाहून ठेवा.