आधी वही, मग उल्का

नागपूर

चि. सोनू हिस,


तुझ्या दगडाचा फोटो आणि त्याच्याबरोबर पाठवलेली चंद्राच्या तुकड्याची जाहिरात, दोन्ही नीट पाहिलं. भाऊबीजेचे आणि वाढदिवसाचे साठलेले पैसे त्या तुकड्यात घालू का, असं विचारलंस. यंदा घालू नकोस. छंद मात्र जरूर धर. उल्कापाषाण जमवणं, त्यांची देवघेव करणं आणि त्यांचा अभ्यास करणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. बहुतेक लोक पहिल्यापासून सुरुवात करतात. तू तिसऱ्यापासून करावीस, असं मला मनापासून वाटतं.

आधी तुझा काळू नदीच्या पात्रातला दगड. तो उल्का नाही. फोटोत त्याला बारीक भोकं दिसतात आणि काही भोकांत पांढरं भरलेलं आहे. तुमच्या आंबिवलीपासून इथे नागपूरच्या वेशीपर्यंत पायाखाली जो काळा दगड आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांची भोकं झाली, आणि मागाहून त्यांत झिओलाइटसारखी पांढरी खनिजं बसली. आकाशातून आलेल्या दगडात अशी भोकं फार क्वचित असतात.

‘पण मामा, चुंबक चिकटतो!’ असं तू लिहिलंस. चिकटणारच. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. त्यामुळे आपल्या मुलखात नुसत्या चुंबकाच्या परीक्षेवर जाऊन चालत नाही. त्यात तुमच्या टिटवाळा-कल्याण पट्ट्यात वीटभट्ट्यांचा काळा काचेरी झामा आणि जुन्या कारखान्यांच्या आवारांतली लोखंडाची कीट यांची भर. काळं, जड आणि विचित्र आकाराचं दिसलं की माणसाला उल्काच वाटते. आणखी एक सांगतो, ते कायम लक्षात ठेव. खऱ्या उल्केला जोरदार चुंबक कधीच लावायचा नाही. तिच्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण राहिलेली असू शकते, ती एका स्पर्शात पुसली जाते. सहारातल्या कितीतरी उल्का अशाच वाया गेल्या आहेत. पाहायचंच असेल तर साधं होकायंत्र जवळ नेऊन सुई हलते का, तेवढं पाहावं.

आता या दगडावर हात बसव. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो कोरडा तोलून वजन लिही. मग त्याच काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य कर आणि दगड दोऱ्याने बांधून पाण्यात सोड. तो पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. वजनाला त्याने भाग, घनता निघेल. भोकं नसलेला बेसॉल्ट साधारण २.९ च्या आसपास येतो, भोकांचा त्याहून कमी. सर्वसाधारण काँड्राइट जातीची उल्का ३.३ ते ३.७ पर्यंत जाते आणि लोखंडी उल्का थेट ७.८ च्या घरात. दुसरं, टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घास. काळी रेघ उठली तर मॅग्नेटाइट, तांबूस उठली तर हेमॅटाइट. उल्केची सहसा रेघ उठतच नाही. तिसरं, दहापटीचं भिंग घेऊन फुटलेली बाजू बघ. ताज्या काँड्राइटला वरून जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी साय असते, ती हवेतून येताना वितळून झालेली. आत मात्र दगड फिकट राखाडी असतो. त्यात उजेडात चमकणारे धातूचे कण आणि मोहरीएवढे, कधी त्याहून बारीक गोल दाणे दिसतात. त्या दाण्यांचं वय सुमारे ४५६ कोटी वर्षं, म्हणजे पृथ्वी पुरती घडायच्याही आधीचं. ते दाणे पहिल्यांदा भिंगाखाली पाहशील तेव्हा माझी आठवण काढ.

या सगळ्याची वही घाल. दगड कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणी उचलला, आजूबाजूला काय होतं, वजन किती, फोटो कुठे ठेवला, सगळं त्यात उतरव. मी वहीवर एवढा भर का देतो, ते एका जुन्या हकीकतीवरून सांगतो. १९ डिसेंबर १७९८ ला बनारसजवळ क्राखुत इथे आकाशातून दगड पडले. त्या काळी युरोपातल्या बऱ्याच विद्वानांना ही गोष्ट खेडुतांची भाकडकथा वाटे. बनारसमध्ये राहणाऱ्या जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रजाने पाहणाऱ्यांना विचारून हकीकत टिपली, दगड मिळवले आणि लंडनला कळवलं. तिथे एडवर्ड हॉवर्डने बनारसचे आणि दूरदूर पडलेले इतर दगड शेजारी ठेवून त्यांचं पृथक्करण केलं, आणि १८०२ साली दाखवून दिलं की सगळ्यांच्या धातूत निकेल आहे, सगळ्यांची घडण एकसारखी आहे. दगड आकाशातून पडतात हे मान्य करायला जी साक्ष कामी आली, त्यात बनारसच्या त्या नोंदीचा मोठा वाटा आहे. नोंद नसती तर ते काळे दगड कुणाच्या तरी परसात पडून राहिले असते.

आपल्याच राज्यातलं बघ. २९ जून १८४३ ला खानदेशात मानेगावला एक उल्का पडली. ती डायोजेनाइट जातीची, म्हणजे वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून सुटलेली असावी असं मानतात. त्या वेस्टाभोवती २०११-१२ मध्ये डॉन यान घिरट्या घालत होतं. मानेगावचे अगदी थोडे ग्रॅम आज संग्रहालयांत उरले आहेत. याउलट काटोल. २२ मे २०१२ ला भर दुपारी इथून जवळच्या काटोलच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. गावकऱ्यांनी तुकडे दाखवले, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक वेळेवर पोचले, एकंदर सुमारे १३ किलोची नोंद झाली. पुढे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या टकरीने वितळलेल्या शिरा तपासल्या, तेव्हा त्यांत ब्रिजमनाइट सापडलं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त आहे, पण ६६० किलोमीटरांच्या खाली असल्याने आपल्या हाती लागत नाही. ते काटोलच्या शेतात आलेल्या दगडात निघालं! २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. त्या दिवशी एखाद्याने तुकडा गुपचूप विकून टाकला असता तर त्याला चार पैसे मिळाले असते, आणि आपण केवढ्याला मुकलो असतो ते कुणाला कळलंही नसतं.

म्हणून हेही सांगून ठेवतो. भारतात पडलेल्या किंवा सापडलेल्या उल्कांचा ताबा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे असतो. तुला कधी खरीखुरी सापडली तर जागेवरच फोटो काढ, हाताने न चोळता स्वच्छ कागदात गुंडाळ, वेळ आणि जागा लिही आणि त्यांना कळव. विकायचा विचार मनात आणू नकोस. आकाशातून पडलेली प्रत्येक वस्तू उल्का नसते, हेही ध्यानात असू दे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात जळत जाणारे ठिपके पाहिले आणि उल्का म्हणून चित्रफिती फिरवल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला मात्र धातूचं मोठं कडं पडलेलं मिळालं. जाणकारांच्या मते ते चिनी रॉकेटचे अवशेष होते.

आता जाहिरातीकडे. बाहेरच्या देशांत उल्कांचा उघड व्यापार चालतो. अमेरिकेत टूसॉनला दर हिवाळ्यात आणि फ्रान्समध्ये एन्सिसहाइमला जूनमध्ये बाजार भरतात. त्यात प्रामाणिक व्यापारी पुष्कळ आहेत आणि त्यांनी वाळवंटांतून मिळवलेल्या दगडांमुळे शास्त्रज्ञांचंही काम पुढे गेलं आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण विकत घेताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. उल्केला मिटिऑरिटिकल सोसायटीने मान्य केलेलं नाव आहे का? सोसायटीची यादी कुणालाही फुकट पाहता येते. हा तुकडा त्याच दगडाचा कशावरून, म्हणजे कोणाकडून कोणाकडे आला, त्याची जुनी लेबलं कुठे आहेत? आणि ज्या देशातून तो निघाला तिथून तो बाहेर नेणं कायदेशीर होतं का? अर्जेंटिनाने २००७ पासून उल्का देशाबाहेर न्यायला बंदी घातली आहे. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला २४.६७ किलोचा मंगळाचा दगड लिलावात सुमारे ५३ लाख डॉलरला गेला. तो नायजरमध्ये सापडलेला. लिलावानंतर तो देशाबाहेर गेला कसा, याची चौकशी नायजर सरकारने सुरू केली. तुझ्या जाहिरातीत नाव नाही, क्रमांक नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. ‘सर्टिफिकेटसह’ एवढंच आहे, आणि तसलं सर्टिफिकेट कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात छापून मिळतं.

एका गोष्टीपासून तर चार हात लांब राहा. तांदूळ ओढणारा धातू, वीज पडून तयार झालेली वस्तू, नासा कोटी रुपये देते, असं कुणी म्हणालं की तिथून उठायचं. ‘राइस पुलर’च्या नावाने आपल्याकडे शिकलेल्या लोकांनी घरं गहाण टाकली आहेत. घरी कुणी असं बोलायला आलं तर आईला लगेच सांग.

पुढे कधी खरा तुकडा घेतलास तर आंबिवलीचा पावसाळा हा त्याचा मोठा शत्रू. उल्केतलं लोखंड दमट हवेत गंजतं, क्षाराचा अंश असला तर आतून फुगून तुकडा ढासळतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा, पुड्या ओल्या झाल्या की बदलायच्या आणि उघड्या हाताने तुकडा हाताळायचा नाही. अदलाबदल केलीस तर जुनं लेबल तुकड्याबरोबर गेलंच पाहिजे.

पैसे न घालता करण्याजोगं काम तुमच्या गच्चीवर आहे. नॉर्वेचा योन लार्सेन हा जॅझ वाजवणारा माणूस. त्याने वर्षानुवर्षं छपरांच्या पन्हळीतली धूळ गोळा केली, चाळली, चुंबकाने वेगळी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसून आकाशातून आलेले सूक्ष्म कण निवडले. शहरी धुळीत ते ओळखता येत नाहीत, असं जाणते लोक म्हणत होते. २०१७ साली लंडनच्या मॅथ्यू गेंजसारख्या तज्ज्ञांबरोबर छपरांवरच्या अशा ५०० कणांचा अभ्यास त्याने प्रसिद्ध केला. तुझ्या इमारतीच्या पन्हळीत गाड्यांच्या ब्रेकची, वेल्डिंगची आणि दिवाळीच्या फटाक्यांची गोल गुळगुळीत कणी भरपूर निघेल. ती आधी ओळखायला शीक, तिचे फोटो वहीत चिकटव. काम किचकट आहे, वर्ष-दोन वर्षं हाती काही लागणार नाही, पण डोळा तयार होईल. आणि १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. कल्याणला गाडी बदलून बाबांबरोबर एकदा जा.

गणपतीत मी येतोय. येताना भिंग आणि काँड्राइटचा एक पातळ काप तुझ्यासाठी आणीन, त्याच्या जुन्या लेबलासकट. तोवर काळूच्या दगडाची घनता काढ आणि वहीच्या पहिल्या पानाचा फोटो मला पाठव.

ताई आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा