एफ १२ दाबण्याआधी

अगं, ऑफिस सांभाळून रात्री थ्रीडीचं ब्लेंडर उघडून बसतेस, आजोळच्या घराचं ओटी-माजघर उभं करतेस, याचं मला कौतुकच आहे. फक्त ‘मामा, भारी ग्राफिक्स कार्ड घेतलं की चित्र खरं दिसेल’ हे डोक्यातून काढून टाक. २०२५मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा लाटव्हियाचा ॲनिमेशनपट याच फुकटच्या ब्लेंडरमध्ये झाला आणि रेंडर झाला तोही त्यातल्या झटपट चालणाऱ्या ईव्ही या रेंडर इंजिनावर. उजेडाचं गणित यंत्र चोख करतं. बघणाऱ्याची नजर कुठे जावी, हे त्याला कळत नाही. ते तू ठरवायचंस.

आधी माप. नवी फाइल उघडल्यावर दिसणारा ठोकळा दोन मीटरचा असतो. त्याला पाट समजून काम सुरू केलंस, तर सगळं घर राक्षसांचं होईल, दिव्याचा उजेड पुरणार नाही आणि फोकसबाहेरचा धूसरपणा खोटा वाटेल. घरी जाशील तेव्हा टेप घेऊन दार, उंबरठा, खांब मोजून आण. तेच आकडे घाल.

कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेव, दीड मीटरच्या आसपास. ओटीवर बसून दिसतं तसं हवं असेल, तर जमिनीपासून मीटरभराच्या आत. सगळी खोली मावावी म्हणून १८ मिलिमीटरची लेन्स लावू नकोस. कडेचा हंडा ताणून लांबोडका होतो. ३५ पुरते. तरी मावत नसेल, तर पाठीमागची भिंत लपव आणि कॅमेरा मागे ने. इथे भिंत पाडायला गवंडी लागत नाही. खांब कलल्यासारखे दिसले, तर समज की कॅमेरा वर-खाली झुकलाय. तो सरळ कर आणि चौकट लेन्सच्या ‘शिफ्ट’ने सरकव.

रंगाला मात्र इतक्यात हात लावू नकोस. सगळ्या वस्तूंना एकच राखाडी मटेरियल दे. व्ह्यू लेयरमध्ये ‘मटेरियल ओव्हरराइड’ आहे, एका झटक्यात होतं. राखाडीत जे चित्र उभं राहत नाही, ते लाकडाच्या टेक्श्चरने उभं राहणार नाही.

आता दिवा, आणि तोही एकच. सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तू पाहिलंयस. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योत तळहाताआड, उजेड चेहऱ्यावर आणि बोटांच्या कडा आतून लालसर उजळलेल्या. तू ज्या ‘सबसरफेस’च्या स्लायडरशी झटतेस, ते काम त्यांनी १९४५-४६मध्ये जलरंगांत केलंय. उजेडाचं मूळ लपवलंय आणि उरलेलं जवळजवळ सगळं अंधारावर सोडलंय, हे नीट बघ. तुझ्या माजघरातही तिन्हीसांजेचा एक दिवा लाव, रेंडर बघ, मगच दुसऱ्याचा विचार कर. दुसरा दिवा कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आलं नाही तर तो काढ. उन्हाचं दृश्य करशील तेव्हा सूर्याचा कोन अर्ध्या अंशाच्या आसपास ठेव. खरा सूर्य आपल्याला तेवढाच दिसतो. ढगाळ हवेसाठी हा कोन वाढव, म्हणजे सावल्या मऊ होतील.

मटेरियलमध्ये नवशिके हमखास जिथे घसरतात, ती जागा म्हणजे पांढरा रंग. चुन्याची भिंत पूर्ण १ वर नेऊ नकोस, ०.८ च्या आसपास थांब. काळाही शून्यावर नको, कोळसासुद्धा थोडा उजेड परत फेकतोच. रफनेस आणि नॉर्मल मॅप ‘नॉन-कलर’वर ठेवलेत ना, ते तपास. लाकडाच्या कडांना किंचित बेव्हल दे. सुरीसारखी धार खऱ्या चौकटीला नसते आणि कडेवरची ती बारीक चमकच लाकूड खरं वाटायला लावते.

सायकल्स या दुसऱ्या रेंडर इंजिनात चित्रावर दाणे दिसले की सॅम्पल वाढवत सुटू नकोस. दाणे निम्मे करायला सॅम्पल चौपट लागतात. म्हणजे वेळही जवळपास चौपट. डिनॉइज लाव, पण बेताने. तो चटईची वीण आणि भिंतीचा खडबडीतपणा पुसून टाकतो. चाचणीचं रेंडर निम्म्या आकारात कर. शंका एकाच कोपऱ्याची असेल, तर कॅमेऱ्यातून बघत कंट्रोल-बी दाबून तेवढाच चौकोन रेंडर कर. पक्कं चित्र ईएक्सआरमध्ये जपून ठेव, म्हणजे उजेड-रंग नंतर हलवायला वाव राहतो.

शेवटी मांडणी. रेंडर आरशात दिसतं तसं डावं-उजवं उलटं करून बघ, तोल गेला असेल तर लगेच कळतं. मग काळं-पांढरं कर, मग नखाएवढं लहान कर. तेवढ्यातही दिवा आणि माजघर ओळखू आलं, तर चित्र जमलं. लोकांना दाखवताना एकच दाखव, फार तर सोबत राखाडीतलं. एकाच ओटीचे दहा कोन दाखवलेस, तर निवड तू केलेली नाहीस, ती बघणाऱ्यावर ढकललीस. आणि दाखवताना समजावून सांगत बसू नकोस. समोरच्याला विचार, ‘पहिल्यांदा काय दिसलं?’ तू ठरवलेलंच उत्तर आलं, तर पास.

तेव्हा पुढच्या वेळी रेंडरसाठी एफ १२ दाबण्याआधी कागदावर एक ओळ लिही: या चित्रात काय दिसायला हवं आणि काय अंधारात राहायला हवं. ती ओळ लिहिता येत नसेल, तर त्या रात्री रेंडर लावू नकोस, सरळ झोप.