देवाचे स्वरूप आणि माणसाचे स्थान : एक तौलनिक अभ्यास

नवरात्राचे दिवस होते. सायंकाळची बुद्धवंदना आटोपली आणि मुले भोजनगृहाकडे निघाली. इयत्ता आठवीतील एक विद्यार्थी मात्र माझ्यापाशी थांबला. त्याचे घर कळसूबाईच्या पायथ्याकडचे, कुटुंब महादेव कोळी समाजाचे. तो म्हणाला, "सर, सृष्टी निर्माण करणारा देव नाही असं तुम्ही शिकवता. मग माझी आजी दरवर्षी कळसूबाईला जाते, ती खोटी का?" मी घाईत होतो. "ती आजीची श्रद्धा आहे, तू अभ्यास कर," एवढेच बोलून मी पुढे गेलो. त्याचा उतरलेला चेहरा मात्र पुढे अनेक दिवस डोळ्यांसमोरून हलला नाही. इतिहासाच्या शिक्षकाने प्रश्नाला दिलेले ते उत्तर नव्हते, प्रश्नातून काढलेली ती पळवाट होती. आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ते राहिलेले उत्तर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

एक शब्द, अनेक अर्थ

'देव आहे की नाही' या वादात बहुधा दोन्ही बाजू एकच शब्द वापरतात आणि त्याचे अर्थ मात्र वेगवेगळे घेतात. म्हणून प्रथम अर्थ वेगळे केले पाहिजेत. डोंगर, नदी, पीक, गुरे यांच्याशी जोडलेली, विशिष्ट स्थळी नांदणारी शक्ती म्हणजे देवता. सर्व विश्व निर्माण करणारा, चालविणारा आणि मानवी कर्माचा न्याय करणारा एकमेव कर्ता म्हणजे ईश्वर. ज्याला रूप नाही, इच्छा नाही, जे कोणाचे काही करीत नाही, पण जे सर्वांच्या मुळाशी आहे असे मानले जाते ते उपनिषदांतील ब्रह्म. यांपैकी एक कल्पना नाकारली म्हणजे उरलेल्या दोन आपोआप नाकारल्या जातात असे नाही. एक सिद्ध झाली म्हणून दुसरी सिद्ध होते असेही नाही.

भारतीय दर्शनांतील मतभेद

भारतातील सर्व प्राचीन विचारवंत ईश्वरवादी होते, हा आपल्याकडील मोठा गैरसमज आहे. चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडचे काहीच मानले नाही. जैन दर्शनात सृष्टिकर्ता नाही. तीर्थंकर हे स्वप्रयत्नाने मुक्त झालेले पुरुष आहेत. वेद प्रमाण मानणाऱ्या सहा दर्शनांतही एकमत नाही. अभिजात सांख्य दर्शन पुरुष आणि प्रकृती या दोन तत्त्वांवर जगाचा उलगडा करते, त्याला ईश्वराची गरज वाटत नाही. पूर्वमीमांसा यज्ञकर्माला सर्वस्व मानते. तरी जगाचा निर्माता ती स्वीकारीत नाही. योगदर्शनातील ईश्वर हा क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श नसलेला एक विशेष पुरुष आहे, सृष्टीचा कारागीर नव्हे. परंपरेत 'नास्तिक' या शब्दाचा मुख्य अर्थ 'वेद न मानणारा' असा होता, 'देव न मानणारा' असा नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

ईश्वराच्या बाजूने सर्वांत चिवट युक्तिवाद केला तो नैयायिकांनी. घट दिसला की कुंभाराचे अनुमान होते; जगही एक कार्य आहे, तेव्हा त्याचाही कर्ता असलाच पाहिजे, असे ते म्हणत. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी याला मार्मिक उत्तर दिले. माती आणि आकार एवढ्यावरूनच कर्ता ठरवायचा असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल! पुढे आठव्या शतकात शांतरक्षितांनी 'तत्त्वसंग्रहा'त ईश्वराची स्वतंत्र परीक्षा केली, तर दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' लिहून ईश्वराची बाजू पुन्हा उभी केली. शतकानुशतके चाललेला हा वाद तर्काने चालला, ही आपल्या बौद्धिक इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे.

वेदान्तातही तीन मोठे प्रवाह आहेत. शंकराचार्यांच्या अद्वैतात ब्रह्म हेच अंतिम सत्य असून जीव त्याहून वेगळा नाही. रामानुजाचार्यांच्या मते जीव आणि जगत हे ईश्वराचे जणू शरीर आहे. मध्वाचार्यांनी ईश्वर आणि जीव यांत कायमचा भेद मानला.

एकेश्वरवादी धर्म

ज्यू धर्मातील देव एक आणि अमूर्त आहे; त्याचे नाव उच्चारण्याचेही टाळले जाते. आपल्या कोकणात तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्राएल लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' असे नाव पडले. त्यांच्या देवाची ओळख गावाला प्रथम झाली ती या सुट्टीतून. पारशी धर्मात अहुर मज्द हा मंगलाचा स्वामी असून दुष्ट तत्त्व त्याच्या विरोधात उभे आहे; देव चांगला असेल तर जगात दुःख का, या प्रश्नाला दिलेले ते एक उत्तर आहे. ख्रिस्ती धर्मात देव पिता आहे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे त्याचे त्रैक्य मानले जाते. इस्लाममध्ये अल्लाहला भागीदार नाही, अपत्य नाही, प्रतिमा नाही; त्याच्यापुढे श्रीमंत आणि गरीब नमाजाच्या एकाच रांगेत उभे राहतात. शीख धर्माचा निरंकारही एकच आहे. त्याच्या पवित्र ग्रंथात आपल्या नामदेवांच्या ६१ रचना आहेत, हे मराठी माणसाने विसरू नये.

आपल्या मातीतील देवकल्पना

इतके सारे विचार समजून घेण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपला एक जिल्हा पुरेसा आहे. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्यातील देव मूर्तीपुरता नसून साऱ्या विश्वाचा आत्मा आहे. त्याच काळात गोदावरीच्या तीरावर चक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे करून सांगितले. देवता अनेक असल्या तरी त्या परमेश्वर नव्हेत, मोक्ष देण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही, ही त्यांची भूमिका होती. आपल्या पंथात त्यांनी स्त्रियांना आणि शूद्रांनाही संन्यासाचा मार्ग मोकळा केला. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले आणि त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. अहमदनगरला राहून रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत गायिली. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

आणि आपला अकोले तालुका? वसुबारसेच्या दिवशी येथील आदिवासी बांधव वाघबारस पाळतात आणि शिळेवर कोरलेल्या वाघाला पूजतात. ज्या रानात गुरे चरायची, त्या रानाच्या धन्याशी केलेला तो जणू सलोख्याचा करार आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च, १६४६ मीटर उंचीच्या शिखरावर कळसूबाई आहे. तिची कथा लोक निरनिराळ्या तऱ्हेने सांगतात. तिचा गाभा असा : कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, अशी अट तिने आधीच घातली होती. एके दिवशी तिच्यावर त्याच कामाची सक्ती झाली, तेव्हा ती सारे सोडून डोंगरावर निघून गेली आणि परत आली नाही. या कथेतील देवी विश्वाची निर्माती नाही. शब्द मोडला गेला तेव्हा अपमान न सोसणारी ती एक कामकरी मुलगी आहे.

उंबरठ्यावरचा प्रश्न

एवढी भव्य देवकल्पना असलेल्या समाजात माणसाचे काय झाले, हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे. सर्वांभूती एकच आत्मा आहे, हे तत्त्वज्ञान ज्या भूमीने सांगितले, त्याच भूमीत चोखोबांना पंढरीच्या मंदिराबाहेर उभे राहावे लागले. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता ते कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची समाधीही महाद्वाराच्या बाहेरच आहे. ते मंदिर अस्पृश्यांसाठी उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मधे सहाशेहून अधिक वर्षे गेली!

शेजारच्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो सुमारे पाच वर्षे चालविला, पण दार उघडले नाही. देवदर्शनाने आपले प्रश्न सुटणार नाहीत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आरंभीच स्पष्ट केले होते. त्यांना परीक्षा घ्यावयाची होती ती देवाची नव्हे, समाजाच्या मनाची. त्या परीक्षेचा निकाल लागल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

महात्मा फुले यांनी याआधीच दुसरी वाट दाखविली होती. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतिरावांनी देव नाकारला नाही. त्यांनी 'निर्मिक' मानला. मात्र निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये बसलेला मध्यस्थ त्यांनी उठविला. निर्मिकाची सर्व लेकरे समान असतील तर स्त्री-पुरुष, उच्च-नीच हे भेद माणसांनीच केलेले ठरतात. म्हणजे ईश्वर मानूनही समतेपर्यंत पोहोचता येते. उलट, समतेचा देव मानणाऱ्या धर्मांच्या अनुयायांनाही भारतात जातीने सोडले नाही. यावरून एक गोष्ट लक्षात येते : देव एक की अनेक, सगुण की निर्गुण, एवढ्यावरून माणसाचे आचरण ठरत नाही.

तथागतांची भूमिका

'तेविज्ज सुत्ता'त वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद येतो. ब्रह्माशी एकरूप होण्याचा सरळ मार्ग कोणाच्या गुरूचा, असा तो वाद आहे. तथागत वासेट्ठाला विचारतात, तुझ्या गुरूंपैकी, त्यांच्याही गुरूंपैकी, प्राचीन ऋषींपैकी कोणी ब्रह्माला प्रत्यक्ष पाहिले आहे काय? उत्तर नकारार्थी येते. मग हे एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेसारखे झाले, असे तथागत म्हणतात. ज्या सुंदरीचे नाव, गाव, वर्ण काहीच ठाऊक नाही तिच्या प्रेमात पडावे, किंवा जो वाडा पाहिलाच नाही त्यासाठी चौकात जिना बांधावा, तसेच हे आहे. पण संवाद एवढ्यावर संपत नाही. ब्रह्मा द्वेषरहित आहे असे तुम्ही म्हणता, मग द्वेषाने भरलेली माणसे त्याच्याशी एकरूप कशी होणार, असे विचारून ते मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांचा मार्ग सांगतात. दृष्टी आकाशाकडून माणसाकडे वळते, ती येथे.

अंगुत्तर निकायातील आणखी एक सुत्त आपल्यासाठी मोलाचे आहे. सुख-दुःख सर्वस्वी ईश्वराने निर्माण केले असेल तर हत्या करणारा, चोरी करणारा हाही ईश्वरामुळेच तसा ठरतो. मग 'हे करावे, हे करू नये' याला अर्थ उरत नाही आणि प्रयत्नही उरत नाही. विशेष म्हणजे, सारे काही पूर्वकर्मामुळेच घडते हे मतही तथागत त्याच न्यायाने नाकारतात. गतजन्मीच्या पापामुळे अमुक जातीत जन्म आला, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले, त्यांना या नकाराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पाली ग्रंथांत देव आणि ब्रह्मा यांचे उल्लेख येतात, हे अभ्यासकाने लपवू नये. परंतु तेही अनित्य आहेत. ते जगाचे कर्ते नाहीत आणि मुक्तीचे दातेही नाहीत. १९५० साली 'महाबोधी' मासिकातील लेखात बाबासाहेबांनी बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना केली. स्वतःसाठी कोणतेही दैवी स्थान न मागणारे त्यांपैकी एकटे बुद्ध, असा त्यांचा निष्कर्ष होता. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो लोकांनी जी दीक्षा घेतली, ती या मार्गाची. १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचा गाभाही हाच आहे : धम्माचा विषय माणसाचे माणसाशी असलेले नाते हा आहे.

आपल्या घरातील परीक्षा

हे वाचून आपण इतरांपेक्षा शहाणे आहोत असे कोणी समजू नये. वार्षिक परीक्षेच्या दिवशी बुद्धरूपापुढे मेणबत्ती लावून 'गणितात पास कर' असे मागणारी मुले मी पाहिली आहेत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला नवस बोलणारे पालकही पाहिले आहेत. त्यांच्यामागचे प्रेम खरे आहे. पण मागणे सुरू झाले की मार्गदाता पुन्हा मोक्षदाता होतो आणि ज्या दारातून आपण बाहेर पडलो, त्याच दारातून परत आत जातो. वंदना ही मागणी नसते. ती स्वतःला दिलेली आठवण असते.

आता त्या विद्यार्थ्याला द्यावयाचे उत्तर. बाळा, तुझी आजी खोटी नाही. डोंगराने जग निर्माण केले असे ती म्हणत नाही; ज्या डोंगराच्या आधाराने तिचे आयुष्य गेले, त्याची आठवण ठेवायला ती चढून जाते. आपल्या संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने तिला आणि तुलाही सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. सृष्टीला कर्ता आहे हे मला पटत नाही. त्याची कारणे मी वर दिली आहेत, ती तू तपासून पाहा. माझे म्हणून स्वीकारू नकोस. मात्र कोणत्याही देवाबद्दल ऐकलेस, तरी एक प्रश्न अवश्य विचार : या देवाच्या दारात कोणाला बाहेर उभे केले जाते काय? आणि यंदा आजीबरोबर गड चढलास, तर कळसूची गोष्ट तिच्या तोंडून पूर्ण ऐकून ये. आपल्याकडे ती अजून कोणी नीट लिहून ठेवलेली नाही असे समज आणि वहीत उतरवून आण. इतिहासाच्या तासाला ती आपण सर्वांसमोर वाचू.