जुना मालवाहू ऑटो घेतलाय? पहिली खेप मारण्याआधी हे वाचा

आजचा विषय आहे जुना तीनचाकी मालवाहू ऑटो. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी लोक त्याला 'ॲपे'च म्हणतात. इटालियन भाषेत ॲपे म्हणजे मधमाशी. १९४८ साली पियाजिओ कंपनीने इटलीत ही गाडी आणली, आज ती आपल्या बारामतीत बनते. नाव मधमाशीचं आणि हिशेबही तसाच, फिरली तरच मध.

आधी माझी चूक सांगतो. पारशिवनीत दुकान टाकल्यावर कळमन्यातून माल आणायला मी जुनी डिझेल गाडी घेतली. विकणारा म्हणाला, "चालू कंडिशन आहे भाऊ, सेल्फ मारा न् न्या." सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, मी खूश. बीबीए झालेला माणूस, पण ऑइलची कांडी काढून पाहिली नाही! तिसऱ्याच खेपेला कन्हान ओलांडलं आणि इंजिन जाम. आत ऑइल जवळपास नव्हतंच. दुरुस्तीसाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या, आणि गाडी एकोणीस दिवस उभी. अर्धा दोष विकणाऱ्याचा असेल, पण उरलेला अर्धा माझाच.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा क्रम पाळा.

१. आधी कागद. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून चालान आणि बँकेचा बोजा तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आपल्या तालुक्याचं काम नागपूर ग्रामीण, म्हणजे एमएच ४० च्या आरटीओत. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीला कळवा. फिटनेसची तारीख बघा. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं.

२. किल्ली फिरवण्याआधी. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. "आत्ताच बदललंय" असं कोणी सांगितलं तरी बदलाच, म्हणजे तुमच्या वहीची सुरुवात पक्क्या तारखेने होते. जुनं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, तिथेच थांबा आणि मिस्त्रीला दाखवा. गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, टायर आणि हवेचा फिल्टर बघा. बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा.

३. बरेच दिवस उभी असेल तर. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, तळाशी पाणी आणि गाळ साठतो. डिझेल फिल्टर नवीन टाका. फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते, मग कितीही सेल्फ मारा, गाडी घेत नाही. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळा. इंजेक्टरच्या पाइपला मात्र स्वतः हात लावू नका. तिथली धार कातडीत घुसते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

४. धूर काय सांगतो? काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर चालतो, पण गाडी गरम झाल्यावरही येत असेल तर तपासणी हवी.

५. भार आणि वही. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. समजा ४७५ आणि ९७५ किलो. म्हणजे चालकासकट ५०० किलो, त्यावर एक पोतंही नाही. जास्तीच्या पोत्याचं भाडं आज मिळतं, पण क्लच आणि ब्रेकचं बिल नंतर येतं.

मी दर किलोमीटरला एक रुपया वेगळा काढतो. रोज ७० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, झाले १,७५० रुपये. हा नफा नाही, हे गाडीचं स्वतःचं जेवण आहे. त्याला गल्ल्यात मिसळू नका. वहीत तारीख, किलोमीटर, काम आणि खर्च, एवढे चारच रकाने पुरेत.

रोज सकाळी ऑइल, टायर, ब्रेक आणि लाइट बघायला पाच मिनिटं लागतात. मी ती पाच मिनिटं वाचवली आणि एकोणीस दिवस घालवले. पाटल्या सुटायला तर दिवाळी उजाडली.

आजचा गृहपाठ: वही आणा, पहिल्या पानावर गाडीचा नंबर आणि आजचं किलोमीटर लिहा. मगच किल्ली फिरवा. भेटू पुढच्या भागात!