नाकाचा वाकडा पडदा : शस्त्रक्रियेनंतर किती सुख?

आपल्या दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. पुढे तो लवचीक कूर्चेचा व मागे हाडाचा असतो. अगदी सरळ पडदा थोड्यांचाच आढळतो, आणि किंचित वाकडेपणाने त्रास होत नसेल तर त्यास हात लावण्याचे कारण नाही. परंतु वाढीच्या वयात अथवा मार बसून तो बराच कलला म्हणजे श्वासाची वाट अडते. मनुष्य तोंडाने श्वास घेऊ लागतो, सकाळी घसा कोरडा पडतो, झोप पुरी होत नाही. घरची मंडळी मात्र त्याला आळशी समजतात आणि नेहमीची सर्दी म्हणून वर्षानुवर्षे वाफारा चालू राहतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीअर व किलियन या शल्यविशारदांनी पडद्याचा वाकडा भाग काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. तीत फार भाग निघाल्यास नाकाचा आधार कमी होई. आता शक्य तितका भाग राखून पडदा मध्यावर आणतात. छेद बहुधा नाकाच्या आतूनच घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

ही शस्त्रक्रिया सफल झाली हे कसे ओळखावे? पडदा सरळ दिसला एवढ्याने भागत नाही. रुग्णास सुख वाटले पाहिजे. यासाठी २००४ साली अमेरिकेत पाच प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. गेल्या महिन्यात नाक चोंदल्यासारखे वाटले काय? नाक बंद झाले काय? नाकाने श्वास घेणे जड गेले काय? झोपेत अडथळा आला काय? श्रम करताना नाकाने हवा अपुरी पडली काय? प्रत्येक उत्तरास ० ते ४ गुण द्यावयाचे व बेरजेस ५ ने गुणावयाचे. १०० म्हणजे कमाल त्रास.

शस्त्रक्रियेची फवाऱ्यांच्या औषधोपचाराशी तुलना करणारी, ३७८ प्रौढांवरील ब्रिटनमधील चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत बावीस प्रश्नांची, ११० गुणांची दुसरी मोजपट्टी वापरली होती. सहा महिन्यांनी औषधोपचाराच्या गटाचा त्रास सरासरी सुमारे ४० गुणांवर, तर शस्त्रक्रियेच्या गटाचा सुमारे २० गुणांवर होता.

तथापि फाजील आशा धरू नये. धूळ, कापसाचे तंतू अथवा पावसाळ्यातील बुरशी सोसत नसेल तर ती प्रकृती पडदा सरळ केल्याने बदलत नाही; तिचे औषध पुढेही लागते. घोरणे थांबेलच असेही नाही. पहिले काही दिवस सूज व खपल्यांमुळे नाक उलट अधिकच बंद वाटते. त्या काळात नाक जोराने शिंकरू नये, जड ओझे उचलू नये, सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. रक्त थांबेनासे झाले किंवा ताप आला तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. खरा फायदा काही महिन्यांनीच अजमावावा.

हुबळीस १९५७ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, आणि आज या जुळ्या शहरांत कान-नाक-घशाचे तज्ज्ञ उपलब्ध आहेत. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी वरील पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून न्यावीत, आणि शस्त्रक्रिया झाल्यास सहा महिन्यांनी तीच पुन्हा लिहून दोन्ही कागद ताडून पाहावेत.