खाटेचे चार तारे

चैत्र-वैशाखात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेस सप्तर्षी दिसतात. गोंड समाजाच्या परंपरेत त्यांतील चार तारे म्हणजे खाट व उरलेले तीन ती पळवू पाहणारे चोर होत. देवरी वा सालेकसा भागातील एखाद्या मुलाने वर्गात हे सांगितल्यास त्यास चूक ठरवू नये. पाठाचा आरंभ तेथूनच करावा. नाव कोणतेही असो, आकृती आपल्या दृष्टीने जुळविलेली असते, हेच मुलांस समजावयाचे आहे.

प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर तोडतो, ते एक प्रकाशवर्ष. खाटेतील पुलह, पुलस्त्य व अत्रि सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहेत. क्रतु मात्र सुमारे १२०. मैदानात चार मुलांच्या हाती लहानमोठ्या काठ्यांवर कागदी तारे द्यावेत. तिघांस आठ पावलांवर व एकास बारा पावलांवर उभे करावे. समोरून चौकोन दिसेल. पाहणारा बाजूस जाताच खाट मोडेल.

सप्तर्षी आपल्याच आकाशगंगेतील आहेत. तिची रुंदी सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षे, म्हणजे याच मापाने दहा हजार पावले : शेजारच्या गावाची वाट. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी देवयानी दीर्घिका सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षांवर. तेवढी पावले गोंदियाहून नागपूरच्याही पलीकडे जातील. पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तेथवर चालताना चंद्राची बहुतेक वाट सरेल.

ही अंतरे पाठ करवून घेण्यापूर्वी पहिली बारा पावले मुलांकडून प्रत्यक्ष मोजवून घ्यावीत.