वेळेला पाटकरी हवा

मोबाइल ही वाईट वस्तू नव्हे. परीक्षेचा अर्ज, निकाल, शिष्यवृत्ती, बँकेचा व्यवहार, सारे आज त्यावर होते. परंतु २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि जळगाव-धुळ्याकडील घराघरांतून अभ्यासाची संध्याकाळ त्यात वाहून जाऊ लागली. "ठेव तो मोबाइल" असे ओरडून मुले ऐकत नाहीत. याचे एक कारण आपल्या बोलण्यात आहे. आपण वेळ 'घालवतो', 'मारून नेतो', 'टाइमपास' करतो. जी वस्तू घालवायचीच, ती कोण जपेल? म्हणून प्रथम वेळेची उपमा बदलली पाहिजे.

वेळ म्हणजे पैसा, ही उपमा आम्हा बँकेतील माणसांना जवळची. हिशेबापुरती ती उपयोगी आहे. रोजचे तीन तास म्हणजे वर्षाचे १०९५ तास, अर्थात पूर्ण पंचेचाळीस दिवस-रात्री! पण ती अपुरी आहे. खात्यातील शिल्लक उद्यावर ओढता येते. वेळेची शिल्लक रात्री बाराला शून्य होते.

याहून चांगली उपमा आपल्या मातीत आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर बंधारे घालून शेकडो वर्षे फड पद्धतीने शेती झाली. पाणी थोडे, शेतकरी पुष्कळ. म्हणून पाळ्या ठरलेल्या आणि पाणी फिरवण्यास पाटकरी नेमलेला. एक वावर भिजले की तो पाणी पुढच्या वावरात सोडी. त्यामुळे शेवटच्या शेतकऱ्यालाही वाटा मिळे.

मोबाइलवर याच्या उलट घडते. एक रील संपते न संपते तोच दुसरी हजर. ही रचना हेतुपुरस्सर असते, कारण आपण जितके रेंगाळू तितक्या जाहिराती पाहू. पाट अखंड वाहतो, पण पाटकरी नाही. पहिल्याच वावरात पाणी तुंबते. अभ्यास, झोप आणि घरच्यांशी बोलणे ही वावरे कोरडी राहतात.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये असा पाटकरी नेमला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी मोबाइल व टीव्ही बंद, आणि मुले अभ्यासाला, असा नियम गावाने केला.

विद्यार्थ्यांनी एवढे करावे :

१) दिवसाचे चार फड पाडावेत : अभ्यास, झोप, घर, करमणूक. मोबाइलची पाळी करमणुकीच्या फडात.

२) पाळी संपल्याचा गजर लावावा आणि गजर होताच मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

३) हात पुन्हा मोबाइलकडे गेला तर मनाला विचारावे : हे कोणाच्या पाळीचे पाणी?

पालकांनीही हे पाळावे. पाटकरीच पाणी चोरू लागला तर फड टिकत नाही. एवढे करूनही सुटका होत नसेल तर लाजू नये. ऑनलाइन खेळांच्या अनावर सवयीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये विकारांच्या यादीत स्थान दिले आहे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

पाणी सर्वांना सारखेच चोवीस तासांचे मिळते. पीक मात्र ज्याने पाळी सांभाळली त्याचेच येते.